"विमा पॅकेजमध्येच आहे" म्हणणाऱ्या सहल संयोजकांना खुले पत्र

प्रति,
परदेश सहली नेणाऱ्या पर्यटन संस्था, ट्रॅव्हल एजंट आणि मित्रमंडळींची सहल अंगावर घेणारे हौशी संयोजक यांस

स.न.वि.वि.

आपल्या पत्रकाच्या तळाशी "व्हिसा आणि प्रवासविमा समाविष्ट" अशी ओळ असते. हॉटेल स्टेशनपासून किती लांब, नाश्त्याला काय, बसमध्ये पुढची सीट मिळेल का, यावरून लोक आपल्याला भंडावून सोडतात. विम्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही, त्यामुळे आपणही काढत नाही. निघायच्या चार दिवस आधी एक पीडीएफ येते, तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात विम्याची रक्कम असते, आणि ती पाहून सगळे निर्धास्त होतात.

आम्ही प्रवासविम्याच्या क्लेमची कागदपत्रं तपासणारी माणसं आहोत. क्लेम फेटाळला की शिव्या कंपनीला बसतात, आणि काही वेळा त्या रास्तही असतात. पण फाइल उघडल्यावर बरेचदा वेगळंच दिसतं. पॉलिसी घेताना देश, दिवस आणि प्रवाशाचं वय एवढंच पाहिलेलं असतं. सहलीत तो माणूस काय करणार आहे, त्याला कोणते आजार आहेत आणि त्याचे पैसे कोणत्या तारखेपासून अडकले आहेत, हे कोणी विचारलेलंच नसतं. हे प्रश्न विचारणं आपल्या हातात आहे. ते कसे विचारायचे आणि का, यासाठी हे पत्र.

आधी तारीख. प्रवासविम्यातलं वैद्यकीय संरक्षण प्रवास सुरू झाल्यावर लागू होतं, पण सहल रद्द होण्याचं संरक्षण पॉलिसी घेतल्यापासून लागू होतं. म्हणजे प्रवाशानं पहिला हप्ता भरला त्याच दिवशी पॉलिसी घेतली, तर मधल्या तीन-चार महिन्यांत त्याचा पाय मोडला किंवा घरात कोणी दगावलं, तरी बुडणारे पैसे मागता येतात. निघायच्या चार दिवस आधी घेतली, तर त्या संरक्षणाचे चारच दिवस पदरात पडतात. बऱ्याच एकाच सहलीच्या पॉलिसींत प्रीमियम सहलीच्या दिवसांवर ठरतो, त्यामुळे लवकर घेतल्यानं तो वाढत नाही. तरीही आपण शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबता, कारण व्हिसा येईपर्यंत यादी पक्की नसते. व्हिसा नाकारला गेला आणि प्रवास सुरूच झाला नाही, तर बहुतेक कंपन्या थोडा खर्च कापून प्रीमियम परत करतात. सहलीचे पैसे मात्र त्या कारणासाठी सहसा मिळत नाहीत. हे प्रवाशाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

रद्द होण्याच्या बाबतीत लोकांचा समज असा, की कारण खरं असलं की पैसे मिळतात. तसं नाही. पॉलिसीत कारणांची यादी असते आणि आपलं कारण त्या यादीत बसावं लागतं. प्रवाशाचं स्वतःचं आजारपण बसतं. जवळच्या नातेवाइकाचं बसतं, पण "जवळचा नातेवाईक" कोण हे पॉलिसीच ठरवते. आईवडील, जोडीदार, मुलं बहुधा असतात. सासूसासरे काहींत असतात, काहींत नसतात. चुलत-मावस भावंडं क्वचितच. ऑफिसनं रजा नाकारली, मन बदललं, भीती वाटली, ही कारणं साध्या पॉलिसीत चालत नाहीत. कोणत्याही कारणासाठी रद्द करू देणारं वाढीव संरक्षण काही देशांत विकत मिळतं. ते सहसा ५० ते ७५ टक्केच परत देतं, पहिला हप्ता भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत घ्यावं लागतं आणि प्रवासाच्या निदान ४८ तास आधी रद्द करावं लागतं.

शिवाय घटना आधीच जाहीर झालेली असेल, तर त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या घटनेपुरती उपयोगाची नसते. वादळाला नाव मिळालं, संपाची तारीख ठरली, ज्वालामुखी धुमसायला लागला, की खिडकी बंद. आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल एप्रिल २०१० मध्ये उसळला आणि युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद राहिलं, तेव्हा आणखी एक पेच पुढे आला: राखेचा ढग हे "खराब हवामान" आहे का? ज्यांच्या पॉलिसीत फक्त हवामान, संप आणि यांत्रिक बिघाड एवढंच लिहिलं होतं, त्यांना भांडावं लागलं. म्हणून विलंब आणि रद्दीच्या कलमात कारणं मोजून दिली आहेत की "कोणत्याही कारणानं" असं म्हटलंय, हे आधी पाहा.

आणि हो, आपल्यालाच दुखणारा मुद्दा. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बुडाली, तेव्हा ब्रिटनचेच सुमारे दीड लाख प्रवासी परदेशात होते. त्यांना सरकारी व्यवस्थेतून परत आणावं लागलं. पर्यटन संस्था किंवा विमान कंपनी बुडण्याचं संरक्षण सगळ्या पॉलिसींत नसतं, आणि काहींत असलं तरी ज्या संस्थेकडून पॉलिसी घेतली तीच बुडाली तर ते लागू होत नाही. आपल्या प्रवाशाला हे संरक्षण हवं असेल, तर त्यानं ते आपल्याकडून न घेतलेलंच बरं. एवढं सांगण्याचा मोठेपणा आपण दाखवावा, अशी विनंती आहे.

आता दवाखाना, कारण घर-दार विकायची वेळ येते ती बॅग हरवल्यामुळे नव्हे. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, हा आकडा आपल्याला तोंडपाठ आहे. तो व्हिसा मिळण्यासाठीचा किमान आकडा आहे. अतिदक्षता विभागातले काही दिवस, एक शस्त्रक्रिया आणि घरी परत आणण्याचा खर्च मिळून तो सहज ओलांडला जातो. दुसरं म्हणजे "फक्त शेंगेन" म्हणून घेतलेली पॉलिसी लंडनला किंवा डब्लिनला चालत नाही, कारण ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. पॅरिस, स्वित्झर्लंड आणि शेवटचे तीन दिवस लंडन, अशी सहल आपण सर्रास विकता. त्या शेवटच्या तीन दिवसांचं काय, हे एकदा आपल्या पॉलिसीत शोधा. अमेरिका आणि कॅनडा वगळून "जगभर" अशा पॉलिसीचंही तेच. तिथे नुसतं विमान बदलायला उतरणार असलात, तरी ते चालतं का हे आधी विचारून ठेवा.

मोठ्या आकड्याच्या पोटात छोटे आकडे लपलेले असतात. समजा विमा रक्कम एक लाख डॉलर आहे, पण अतिदक्षता विभागासाठी दिवसाला २,००० डॉलरची मर्यादा आहे. बिल दिवसाला ६,००० नं आलं आणि माणूस पाच दिवस आत राहिला, तर ३०,००० पैकी १०,०००च मिळतील. एक लाखाचा आकडा तसाच वर झळकत राहील. अशा पोटमर्यादा ज्येष्ठ प्रवाशांच्या पॉलिसीत जास्त असतात, आणि आपल्या सहलींना येतात तेही बरेचसे ज्येष्ठच. थोडी कमी विमा रक्कम, पण पोटमर्यादा नाही, अशी पॉलिसी त्यांच्यासाठी कितीतरी बरी.

वजावटीचंही असंच. वजावट म्हणजे बिलातला जो पहिला भाग प्रवाशानं स्वतः भरायचा, तो. समजा ती १०० डॉलर आहे. ताप आला, तीन दिवसांत तीनदा डॉक्टरकडे जावं लागलं, दर वेळी ८० डॉलर. वजावट प्रत्येक बिलामागे असेल तर हातात शून्य. एका आजारपणामागे असेल तर २४० मधले १४० मिळतील. पॉलिसीच्या तक्त्यात दोन्हीकडे "वजावट १००" एवढंच छापलेलं असतं. खुलासा आतल्या पानावर सापडतो.

घरी परत आणण्याच्या कलमात दोन वेगळ्या गोष्टी असतात: जवळच्या योग्य दवाखान्यात हलवणं, आणि मायदेशी आणणं. पहिली असली म्हणून दुसरी असेलच असं नाही. मायदेशी कधी आणायचं, हे उपचार करणारा डॉक्टर आणि कंपनीचा डॉक्टर मिळून ठरवतात. नातेवाइकांनी स्वतःच्या हिमतीवर हवाई रुग्णवाहिका ठरवली आणि बिल नंतर पाठवलं, तर ते अडकतं. नेहमीच्या विमानात स्ट्रेचर बसवायला कित्येक सीटा अडवाव्या लागतात, सोबत वैद्यकीय मदतनीस लागतो, आणि विमान कंपनीची परवानगीही लागते. दोन दिवस त्यातच जातात. क्रूझवर तर जहाजाचा दवाखाना बहुतेकदा बिल थेट प्रवाशाच्या खात्यावर टाकतो. त्यामुळे समुद्रावरून बाहेर काढण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, हे तिथे वेगळं तपासावं लागतं.

आता सगळ्यात जास्त भानगडी जिथे होतात, तो आरोग्याचा फॉर्म. आपल्या ऑफिसातला मुलगा चाळीस जणांचे फॉर्म एका बैठकीत भरतो आणि "पूर्वीचे आजार" या रकान्यात सगळ्यांपुढे "नाही" करून मोकळा होतो. प्रवाशाला रक्तदाबाची गोळी दहा वर्षं चालू असते. परदेशात छातीत दुखतं, दवाखान्यात पहिलाच प्रश्न "कोणती औषधं चालू आहेत?" असा येतो, तो खरं सांगतो आणि ते केस पेपरवर उतरतं. क्लेमची फाइल कंपनीकडे येते तेव्हा फॉर्म एक सांगतो, केस पेपर दुसरं. खोटं कोणी बोललेलं नसतं, पण सही प्रवाशाची असते.

पूर्वीचा आजार सांगितला म्हणून पॉलिसी नाकारली जातेच असं नाही. कधी प्रीमियम वाढतो, कधी "फक्त जीव वाचवण्यापुरते उपचार" अशी अट पडते, कधी तो आजार तेवढा वगळतात. अनेक पॉलिसींत मागच्या ठरावीक काळात, ६० ते १८० दिवसांत, आजार "स्थिर" असावा लागतो. इथे लोक फसतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला, किंवा औषध बदललं, तरी आजार स्थिर राहिला नाही असं धरलं जाऊ शकतं. डोस कमी केला तरीही. सांगितलेली एखादी तपासणी अजून व्हायची असेल, तर तीही सांगावी लागते. म्हणून तब्येत तपासून घ्यायचीच असेल तर ती सहल ठरवण्याआधी घ्या, असं ज्येष्ठांना सांगा, आणि पॉलिसी घेतल्यावर औषध बदललं तर कंपनीला लेखी कळवायला लावा. गरोदर बाईंसाठी कितव्या आठवड्यापर्यंत संरक्षण आहे, हेही पॉलिसीगणिक बदलतं. विमान कंपनीची आठवड्यांची मर्यादा वेगळी आणि विम्याची वेगळी.

साहसाचे खेळ आपण "ऐच्छिक" म्हणून कार्यक्रमात टाकता आणि पॉलिसी मात्र साधी घेता. ट्रेकिंगसाठी पॉलिसीत उंचीची मर्यादा मीटरमध्ये लिहिलेली असते: ३,०००, ४,५००, ६,००० अशी काहीतरी. एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, किलिमांजारोचं शिखर ५,८९५ मीटरवर. मर्यादा ४,५०० असेल तर या दोन्ही वाटांवर ती उपयोगाची नाही. काही पॉलिसींत तर नियोजित वाटच मर्यादेबाहेर जात असेल, तर खाली ३,००० मीटरवर पाय मुरगळला तरी मिळत नाही. हेलिकॉप्टर बोलवण्याआधी कंपनीच्या मदत केंद्राची मंजुरी लागते. गाइडनं परस्पर फोन केला की घोळ सुरू झाला. हरवलेल्या माणसाचा शोध घेणं आणि सापडलेल्या जखमी माणसाला हलवणं, हे विम्याच्या दृष्टीनं दोन वेगळे खर्च आहेत, आणि पहिला बऱ्याचदा वगळलेला असतो.

स्कूबाचं कलम वाचताना तीन गोष्टी बघा: किती खोलीपर्यंत, कोणत्या प्रमाणपत्रावर, आणि पहिल्यांदाच प्रशिक्षकाबरोबर बुडी मारणाऱ्याला धरलंय का. ओपन वॉटर या सुरुवातीच्या प्रमाणपत्राची शिफारस १८ मीटरपर्यंतची असते. पॉलिसीत ३० लिहिलं म्हणून अशा माणसानं ३० मीटर खाली गेलेलं चालेल असं समजू नका. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्हिंग आणि संध्याकाळी विमान, असा कार्यक्रम तर कृपा करून आखूच नका. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्ह केल्यास किमान १८ तास थांबावं, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. मग प्रेशर चेंबर, आणि त्याचं बिल.

बेटांवर भाड्यानं मिळणारी स्कूटर हा या सगळ्यांचा बाप आहे. क्लेम टिकायला त्या प्रकारच्या गाडीचा मायदेशातला वैध परवाना, जिथे लागतो तिथे आंतरराष्ट्रीय परवाना आणि डोक्यावर हेल्मेट, हे तिन्ही लागतात. कारचा परवाना स्कूटरला चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवाने १९४९ च्या जिनिव्हा आणि १९६८ च्या व्हिएन्ना अशा दोन वेगळ्या करारांखाली मिळतात, आणि सगळे देश दोन्ही मानत नाहीत. जपान १९४९ च्या नमुन्यातलाच मानतो. रक्तात दारू सापडली तर पुढे बोलायलाच नको. आणि हे सगळं नीट असलं, तरी पॉलिसीतलं "तृतीय पक्षाचं नुकसान" हे कलम मोटार वाहनांना वगळतं. स्कूटरनं दुसऱ्याला उडवलं तर प्रवासविमा त्याची भरपाई देत नाही. त्यासाठी भाड्यानं देणाऱ्याकडचा गाडीचा विमा पाहावा लागतो.

सामानाबद्दल थोडक्यात. दागिने, रोकड, लॅपटॉप, कॅमेरा यांना बहुतेक पॉलिसी हात लावत नाहीत किंवा प्रत्येक वस्तूमागे अगदी तुटपुंजी मर्यादा घालतात. टेबलावर सोडून गेलेली पर्स "देखरेखीविना ठेवलेलं सामान" ठरते. विमानातली बॅग आली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करायची असते. विमान कंपनीची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं चलन. विमा कंपनी आधी विमान कंपनीनं काय दिलं ते विचारते आणि उरलेल्याचं बघते. बॅगेला उशीर झाल्याचे पैसे जाताना मिळतात, घरी परतताना बहुधा नाही, कारण घरी कपडे आहेत.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून देणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. पहिल्या विमानाला दोन तास उशीर झाला, दुसरं चुकलं, आणि पॉलिसीत "किमान सहा तासांचा विलंब" अशी अट असेल, तर नव्या तिकिटाचा खर्च प्रवाशाच्या माथी. एकाच पीएनआरवर असतं तर पुढच्या विमानाची सोय विमान कंपनीनं केली असती.

क्लेमचे कागद सहलीतच गोळा होतात, घरी आल्यावर नाही. आपल्या टूर मॅनेजरला एवढं पढवून ठेवा: दवाखान्यात भरती करण्याआधी, आणि ते शक्य नसेल तर २४ तासांच्या आत, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करायचा आणि केस नंबर लिहून घ्यायचा. कॅशलेस म्हणजे मदत केंद्रानं त्या दवाखान्याला पाठवलेली पैशांची हमी. ती फोनशिवाय जात नाही, नुसतं कार्ड दाखवून काही होत नाही. निदान लिहिलेला डॉक्टरांचा अहवाल, बाबनिहाय बिल आणि पैसे भरल्याची पावती, हे तिन्ही वेगवेगळे कागद घ्या. "एकूण" एवढंच लिहिलेलं बिल परत येतं. चोरीची पोलिसांकडे तक्रार २४ तासांत. विमानाच्या उशिराचं पत्र कारणासकट. बोर्डिंग पास कोणी टाकून देऊ नये. शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी टप्प्याटप्प्यानं संगणकीय नोंद आली आहे, तेव्हा प्रवासाच्या तारखा दाखवायला तो शिक्का हाताशी असेलच असं नाही.

आमच्या मागण्या फार नाहीत. पहिला हप्ता घेण्याआधी प्रवाशाच्या हातात पॉलिसीची संपूर्ण कलमं द्या, एका पानाचं माहितीपत्रक नको. आरोग्याचा फॉर्म प्रवाशालाच भरू द्या, आणि ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्या घरच्यांसमोर भरा. कार्यक्रमपत्रिकेत ज्या दिवशी वेगळं संरक्षण लागतं, त्या दिवसासमोर तसं छापा: अमुक मीटर उंची, तमुक खोली, इथे स्कूटर मिळते पण पॉलिसीत नाही. एका खोलीतल्या दोघांपैकी एकानं सहल रद्द केली, तर दुसऱ्यावर पडणारा एकट्याच्या खोलीचा वाढीव आकार पॉलिसी देते का, हे विचारून ठेवा, कारण समूह सहलीत हे नेहमीचं आहे. आणि कोणाला स्वतःची पॉलिसी घ्यायची असेल, तर पॅकेजमधून विम्याचे पैसे कमी करून द्या. "तसं करता येत नाही" हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. करता येतं.

आपले,
प्रवासविम्याच्या फाइली तपासणारे

ता.क. वर्षभराची पॉलिसी घेतलेले प्रवासी आले, तर त्यातली एका सहलीची दिवसांची मर्यादा पाहा. ती बहुधा ३०, ४५ किंवा ६० दिवस असते आणि त्यानंतरचा दिवस उघडा पडतो. "क्रेडिट कार्डावर विमा फुकट आहे" असं कोणी म्हणालं, तर तिकीट त्याच कार्डावर पूर्ण भरलं आहे का आणि वैद्यकीय रक्कम किती, हे दोनच प्रश्न विचारा. पॉलिसी संपायच्या दिवशीच परतीचं विमान रद्द झालं तर मुदत आपोआप वाढते का, हे मात्र सगळ्यांच्याच पॉलिसीत पाहा.